पावसाळी कपड्यांवरील लेपाचे नाव लेबलवर हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाणी आणि वारा अडवणाऱ्या कपड्यांच्या लेबलवर कापडाचा प्रकार छापलेला असतो, धुण्याच्या खुणा असतात, कधी पाण्याच्या थेंबाचे चित्रही असते. ज्या रसायनामुळे ते कापड पाणी अडवते, त्याचे नाव मात्र सहसा कुठेच नसते. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या फिनिशिंग खात्यात मी बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की हे नाव लेबलवर आले पाहिजे, त्याच्या जोडीला पाणी आणि वारा रोखण्याची मोजलेली क्षमता आली पाहिजे, आणि सर्वसामान्यांच्या पावसाळी कपड्यांवर फ्लोरीनयुक्त लेप देणे थांबले पाहिजे.

मुळात ग्राहकाची गल्लत होते ती दोन अगदी वेगळ्या प्रक्रियांमध्ये. पहिल्या प्रक्रियेत कापडाचा तागा रसायनाच्या इमल्शनमधून नेतात, दोन रुळांमध्ये पिळतात आणि स्टेंटरमध्ये, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रात, साधारण १५० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे क्युअरिंग करतात, म्हणजे रसायन उष्णतेने पक्के बसवतात. प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो, पण धाग्यांमधली छिद्रे उघडीच राहतात. अशा कापडावर पाणी शिंपडले की थेंब गोल होऊन घरंगळून जातात. तरीही त्यातून वारा आरपार जातो आणि जोराच्या पावसात पाणीही आत शिरते. दुसऱ्या प्रक्रियेत पॉलियुरेथेन, पीव्हीसी, ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन यांचा सलग लेप लांब पात्याने कापडाच्या मागच्या बाजूवर ओढतात, किंवा तयार पापुद्रा कापडाला चिकटवतात. छिद्रे बुजतात ती या थराने, आणि वारा अडतो तोही या थरानेच. चांगल्या पावसाळी जॅकेटला बाहेरून पाणी झटकणारे फिनिश आणि आतून हा सलग थर अशा दोन्ही गोष्टी असतात. (केवळ विणीच्या जोरावरही बरेच साधता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये लांब तंतूंच्या कापसाचे व्हेंटाइल नावाचे कापड वैमानिकांसाठी तयार झाले. ते भिजले की त्यातले तंतू फुगतात आणि छिद्रे आपोआप आवळली जातात.) फक्त पहिली प्रक्रिया झालेला कपडाही जेव्हा ‘वॉटरप्रूफ, विंडप्रूफ’ म्हणून विकला जातो, तेव्हा ती ग्राहकाची सरळ फसवणूक असते.

ही फसवणूक चालते याचे कारण मोजमापे नाहीत असे मुळीच नाही. ती फार पूर्वीपासून ठरलेली आहेत आणि कारखान्यात रोज केली जातात. फवारा चाचणीत ४५ अंशांत तिरप्या ताणलेल्या कापडावर १५ सेंटिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी शिंपडतात, कापड एकदा ठोकून वरचे पाणी झटकतात आणि ठरलेल्या चित्रांशी ताडून ० ते १०० असे गुण देतात. दुसऱ्या चाचणीत कापड घट्ट पकडून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि पलीकडच्या बाजूने तिसरा थेंब फुटेल तेव्हाचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मिलिमीटरमध्ये, नोंदवतात. वाऱ्यासाठी, ठरावीक दाबाला ठरावीक क्षेत्रफळातून किती हवा पार होते ते मोजतात. आता एकच कापड पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवू शकते आणि दुसऱ्या चाचणीत काही शे मिलिमीटरलाच हार मानू शकते. त्याच्यावर पडलेला थेंब मोत्यासारखा उभा राहील, पण ते अंगात घालून कोणी गुडघे टेकले किंवा पाठीवर जड पिशवी घेतली की दाबामुळे त्याच जागी पाणी आत येईल. कारखान्याच्या नोंदवहीत हे आकडे असतात, ठोक खरेदीदाराला ते कळवले जातात. किरकोळ ग्राहकापासूनच ते दूर ठेवण्याला काय कारण आहे?

वाऱ्याच्या आकड्याकडे तर फारसे कोणाचे लक्षच नसते, आणि थंडीत जीव वाचवण्याचे काम बहुतेक वेळा तोच गुण करतो. आपल्या शरीराभोवती तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो सतत उडवून नेतो. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ मध्ये सुधारलेल्या सूत्राप्रमाणे शून्य अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे ६ अंशांइतकी थंडी जाणवते. त्यात कपडे भिजले तर संकट आणखी वाढते, कारण पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्थिर हवेच्या सुमारे २५ पट असते. डोंगरावर, समुद्रावर किंवा उघड्यावर रात्रपाळी करणाऱ्याला आपल्या कपड्यातून किती हवा जाते हे माहीत असणे म्हणूनच गरजेचे आहे.

आता रसायनांविषयी. पाणी पसरायचे की थेंब होऊन राहायचे, हे पृष्ठताणावर ठरते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर बहुतेक तेलांचा २० ते ३५ च्या दरम्यान. ज्या पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा बरीच कमी असते, त्याला तो द्रव भिजवू शकत नाही. मेणाच्या पृष्ठभागाचा आकडा ३० च्या आसपास आणि सिलिकॉनचा त्याहून थोडा कमी येतो, म्हणून दोन्ही पाणी व्यवस्थित अडवतात, पण तेल अडवत नाहीत. फ्लोरीनच्या साखळ्या दाटीने उभ्या असलेल्या पृष्ठभागाचा आकडा १० च्याही खाली जाऊ शकतो, त्यामुळे त्याच्यावर पाणीही ठरत नाही आणि तेलही. फ्लोरीनची सारी महती या दुसऱ्या गुणात आहे. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखले जाणारे फ्लोरीनयुक्त प्लास्टिक, योगायोगाने सापडले. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांचे १९५३ मधले संशोधन, ज्यातून पुढे कापडावर डाग न पडू देणारे स्कॉचगार्ड आले, प्रयोगशाळेत एका बुटावर सांडलेल्या द्रवापासून सुरू झाले. आणि १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला, ज्यातून घामाची वाफ बाहेर जाते पण पाणी आत येत नाही. ही कामगिरी मोठीच होती, आणि ती मोठी होती हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनांतल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. कापडावर जे टिकते ते नदीत आणि रक्तातही टिकते. लेपाच्या साखळ्या धुण्यात आणि घासण्यात तुटतात, त्यांचे तुकडे सांडपाण्यात जातात आणि निसर्गात त्यांचे पुढे विघटन होत नाही. आठ कार्बन अणूंची साखळी असलेल्या जुन्या रसायनांतून येणारा पीएफओए हा फ्लोरीनयुक्त पदार्थ माणसाच्या रक्तात निम्मा व्हायला काही वर्षे लागतात. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून हे रसायन पिण्याच्या पाण्यात गेले, तेव्हा सुमारे ६९ हजार रहिवाशांची माहिती आणि रक्ताचे नमुने गोळा करण्यात आले. त्याच्या आधारे शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब या सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ मध्ये पीएफओएस हे त्याच कुळातले रसायन आणि २०१९ मध्ये पीएफओए यांचा समावेश झाला.

यावर उद्योगाने दिलेले उत्तर म्हणजे आठ कार्बनऐवजी सहा कार्बनची साखळी. हा उपाय मला कधीच पटला नाही. सहा कार्बनचे तुकडे शरीरातून लवकर बाहेर पडतात हे खरे, पण निसर्गात तेही तितकेच चिवट असतात आणि पाण्याबरोबर अधिक सहज वाहतात. शिवाय लहान साखळीचा लेप तितकाच प्रभावी ठेवायचा तर रसायन जास्त लागते. लेबलवर ‘पीएफओए-मुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापलेला कपडा पुष्कळदा याच प्रकारचा असतो. त्यात फ्लोरीन आहेच, फक्त त्याचे नाव बदललेले असते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये या सहा कार्बनच्या रसायनावरही निर्बंध आणले. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून आणि डेन्मार्कने १ जुलै २०२६ पासून कपड्यांमध्ये अशी फ्लोरीनयुक्त रसायने (यांनाच एकत्रितपणे पीएफएएस म्हणतात) वापरण्यावर बंदी ठरवली, आणि कॅलिफोर्नियात ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली एक तरतूद माझ्या मागणीच्या अगदी जवळची आहे: अतिशय ओल्या हवामानासाठीच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे, पण ते पीएफएएस रसायने वापरून केले आहेत असे त्यांच्यासोबत स्पष्ट नमूद करावे लागते. म्हणजे लेबलवर नाव छापणे अशक्य आहे, हा युक्तिवाद आता कोणाला करता येणार नाही.

फ्लोरीनची खरी गरज कोणाला आहे? जळते इंधन अंगावर उडू शकणाऱ्या अग्निशमन जवानाला, आम्ले आणि द्रावके हाताळणाऱ्या कामगाराला, काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णालयातल्या माणसांना. त्यांच्या कपड्यांना चांगला पर्याय सापडेपर्यंत सवलत मिळावी, आणि तसा विचार वरच्या कायद्यांमध्येही केलेला आहे. पण शाळेत जाणाऱ्या मुलाच्या रेनकोटवर किंवा प्रवाशाच्या जॅकेटवर तेल पडणार नसून पाऊस पडणार आहे, आणि पावसासाठी मेण, सिलिकॉन किंवा लांब हायड्रोकार्बन साखळ्यांचे नवे फिनिश पुरेसे आहेत. पापुद्र्याच्या बाबतीतही पीटीएफईऐवजी पॉलिएथिलीनचे पापुद्रे २०२२ पासून बाजारात आले आहेत. या पर्यायांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्यावर तेलकट हात लागला की डाग धरतो आणि त्या जागी पाणी मुरू लागते. घासल्या जाणाऱ्या खांद्यांवर ते लवकर झिजतात. काही सिलिकॉनमध्ये अवशेष म्हणून राहणाऱ्या वलयाकार सिलोक्सेनवरही युरोपात निर्बंध आहेत. रसायनाचे नाव लेबलवर हवे असे मी म्हणतो ते फक्त फ्लोरीनपुरते नाही, याचे हेही एक कारण आहे.

झीज लवकर होते ही तक्रार मात्र बरेचदा लेपाची नसून धुण्याची असते. साबणाचे आणि डिटर्जंटचे रेणू एका टोकाने पाण्याला धरतात. ते कापडावर थोडे जरी शिल्लक राहिले तरी पाणी त्यांच्या आधाराने पसरते आणि फिनिश शाबूत असूनही कापड भिजते. फॅब्रिक सॉफ्टनरने तर हमखास असे होते. आतला थर पाणी अडवतच असतो, पण बाहेरचे कापड भिजल्यामुळे घामाची वाफ बाहेर पडत नाही, अंग आतून ओले होते आणि माणूस जॅकेट गळते असे समजून ते टाकून देतो. असा कपडा सौम्य द्रव साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून, लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेत वाळवावा. धुण्यात विस्कटलेल्या लेपाच्या साखळ्या उष्णतेने पुन्हा नीट उभ्या राहतात आणि थेंब परत घरंगळू लागतात. लेबलवर धुण्याच्या खुणांबरोबर हे एक वाक्य असते, तर कितीतरी चांगले कपडे कचऱ्यात गेले नसते. पुन्हा लेप देणारे फवारे मात्र बंद खोलीत कधीही वापरू नयेत, कारण त्यांचे सूक्ष्म तुषार श्वासातून गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते.

आतल्या पॉलियुरेथेनच्या लेपाचे आयुष्यही लपवले जाते. त्याचा एक स्वस्त प्रकार ओलावा आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतो. घडी घालून दमट कपाटात ठेवलेला कपडा काढला की शिलाईच्या कडेला लेप चिकट झालेला दिसतो आणि बोट फिरवले की त्याचे पापुद्रे सुटतात. दुसरा प्रकार अधिक टिकतो, पण ग्राहकाला कोणता मिळाला हे कळत नाही. काही लेपांसाठी डीएमएफ हे द्रावक वापरतात. ते यकृताला आणि प्रजननक्षमतेला घातक आहे, आणि त्याची वाफ हुंगतो तो मशीनवरचा माणूस. त्याच्या आरोग्याचा विचारही या चर्चेत झालाच पाहिजे.

माझी विनंती उत्पादकांना आहे, मानके ठरवणाऱ्यांना आहे आणि आपल्या दैनिकाच्या ग्राहकविषयक पानालाही आहे. कपड्याच्या आतल्या पट्टीवर चार ओळी पुरतील: फिनिश आणि लेप कोणत्या रसायनाचे आहेत; त्यात फ्लोरीन आहे की नाही; पाण्याचा किती मिलिमीटर दाब आणि किती हवा ते रोखते; आणि हे आकडे नव्या कपड्याचे आहेत की किती धुण्यांनंतरचे. शेवटची ओळ वगळू नये, कारण क्युअरिंग अपुरे झालेले कापड नवे असताना प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होते आणि त्याचा दोष दोन-चार धुण्यांनंतर, ग्राहकाच्या घरीच उघड होतो.

आपला विश्वासू,
वस्त्र-प्रक्रिया उद्योगातील एक निवृत्त तंत्रज्ञ