चहात खरा संत्रा हवा

महोदय,

संत्र्याची साल, गवती चहा आणि तुळस घातलेल्या काळ्या चहाचे पाकीट नुकतेच घरी आले, त्याच्या चवीविषयी थोडे लिहितो. उकळत्या पाण्यात काही मिनिटे झाकून ठेवलेल्या या कोऱ्या चहात प्रथम गवती चहातील सिट्रालचा लिंबासारखा वास येतो, मग तुळशीतील युजेनॉलमुळे लवंगेची आठवण करून देणारी उष्ण छटा जाणवते आणि अखेरीस काळ्या चहाचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. संत्रा मात्र शोधावा लागतो, कारण घटकांच्या यादीत सालीच्या आधी कृत्रिम स्वादाचे नाव आहे! नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असताना नागपुरातच विकल्या जाणाऱ्या चहात हे खटकते. अर्ल ग्रे चहाची ओळखच मुळी बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाने घडली. आपल्याकडे संत्र्याला वर्षात आंबिया आणि मृग असे दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम, येऊनही त्याची साल बहुधा कचऱ्यात जाते. तिचा आतला पांढरा भाग खरवडून ती सावलीत वाळवली, तर कडवटपणा कमी होतो. येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि चहाचे व्यापारी यांनी मिळून असे मिश्रण करून पाहावे, आणि त्यात साखर आधीच मिसळू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर