रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवू नका

महोदय,

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे ठोके अनियमित पडतात, हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या गोळीने तो जवळजवळ दोन-तृतीयांश कमी होतो. तरीही हिरड्यांतून जरा रक्त दिसले की घरचेच गोळी बंद करतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही हेच केले. तीन आठवड्यांत त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. काळे शौच, डोक्याला मार किंवा अचानक असह्य डोकेदुखी असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. पण वाढलेला रक्तदाब, मद्यपान, सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, वॉरफरिन चालू असताना चुकवलेली आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी; बहुतेकांचा आकडा २ ते ३ दरम्यान हवा) ही कारणे आपल्याला आवरता येतात. एपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांनी मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी होतो. ॲस्पिरिन मात्र या औषधांची जागा घेऊ शकत नाही.

डॉक्टरांनी औषध लिहून देतानाच, रक्त दिसले तर काय करायचे, हे घरच्यांना समजावून सांगावे. आम्हाला ते कोणीच सांगितले नव्हते.

– एक वाचक