मुलीचा आठवडा लिहायला लावणाऱ्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात असं परवा कळलं. किती जोडपी तुमच्या टेबलासमोर बसून गेली असतील, त्यात आमची फाइल तुमच्या लक्षात असेलच असं नाही. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आजही कोणी आई किंवा बाप तारखेसाठी बाकावर बसलेले असतील. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांनाही कळावं, ही इच्छा.

२०१९ मध्ये आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सल्ल्यांना तोटा नव्हता. 'पाच वर्षांपर्यंतच आईकडे, मग आपोआप आपल्याकडे,' असं आमच्याकडे ठामपणे सांगितलं जायचं. मुलीच्या आईच्या माहेरी कोणी म्हणालं होतं, ताबा मिळाला की बापाचा संबंध संपला. तुम्ही दोन्ही समज पहिल्याच बैठकीत दूर केलेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ६ एवढंच म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल आपोआप कुठेच जात नाही, तेव्हाही मुलाचं हितच पाहिलं जातं. शिवाय ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. मूल आईजवळ राहिलं तरी वडिलांचं पालकत्व सुटत नाही. आणि वडील हयात असूनही मुलाच्या देखभालीत नसतील, किंवा दोघांत तसं ठरलं असेल, तर आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केलं आहे. हे सगळं तुम्ही आम्हा दोघांना एकाच वेळी, समोरासमोर बसवून सांगितलंत. मधल्या माणसांकडून ऐकलं असतं तर दोघांपैकी एकाचा तरी विश्वास बसला नसता.

खोलीत बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. म्हणून मी बोललो.

मग तुम्ही आम्हाला एकेक कोरा कागद दिलात. मुलीचा आठवडा लिहा म्हणालात. सकाळी कोण उठवतं, वेणी कोण घालतं, खोकला झाला की कुठल्या डॉक्टरांकडे नेतात, शाळेत सोडायला कोण जातं, झोपताना तिला काय लागतं. मी अर्जात 'मुलीचा ताबा मिळावा' असं लिहून आलो होतो. त्या कागदावर तिचा बुधवार लिहिताना माझं पेन थांबलं, आणि तिच्या आईचं शनिवारी संध्याकाळी थांबलं. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवलेत आणि त्यावर काहीच भाष्य केलं नाहीत. आमचं भांडण मिटलं नाही, पण त्या दिवसापासून भांडणाचा विषय बदलला, तो मुलीच्या वेळापत्रकावर आला.

सुरुवातीच्या भेटी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत झाल्या. तिथे जाण्याआधी तुम्ही दिलेल्या सूचना मला अजून पाठ आहेत. दर वेळी खेळणं आणू नका. आईबद्दल काही विचारू नका. 'पुढच्या वेळी घरी नेतो' म्हणू नका, ते अजून तुमच्या हातात नाही. जमिनीवर बसा. मी जमिनीवर बसलो, आणि बराच वेळ नुसता खडू हातात धरून होतो, तेव्हा ती स्वतःहून सरकत जवळ आली.

आमच्या संमतीच्या अटी वाचून वकील म्हणाले होते की इतकं बारीक कोणी लिहीत नाही. मला वाटतं, प्रत्येकाने लिहावं. एकाआड एक शनिवार-रविवार माझ्याकडे. तिला न्यायला मी किंवा आत्याच येणार, तिसरं कोणी नाही. गणपतीत पहिला दिवस आमच्याकडे, गौरी आईकडे. दिवाळीची आणि मेची सुट्टी निम्मी निम्मी. शाळेच्या नोंदीत दोघांचे फोन. दवाखान्यात न्यावं लागलं तर दुसऱ्याला लगेच कळवायचं. शहर बदलायचं तर आधी सांगायचं. आणि पोटगीचा भेटीशी संबंध नाही: पैसे उशिरा आले म्हणून भेट अडवायची नाही, भेट झाली नाही म्हणून पैसे थांबवायचे नाहीत. ही अट तुम्ही दोघांकडून मोठ्याने वाचून घेतली होतीत.

रोज संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलची वेळही तुम्हीच आग्रहाने घालायला लावलीत. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकाशी भेटीखेरीज फोनवर, व्हिडिओवरही त्याचा संपर्क राहायला हवा. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि भेटी बंद झाल्या. ती ओळ लिहिलेली होती म्हणून फोन येत राहिला. तिचा पहिला दात पडलेला मी स्क्रीनवर पाहिला. मॅडम, त्या एका ओळीसाठी मी जन्मभर तुमचा ऋणी आहे.

मुलगी आता पाचवीत आहे. शाळेची वेळ बदलली आणि तिचा कथकचा क्लास माझ्या घराजवळ आहे, तेव्हा बुधवारी ती माझ्याकडे राहिली तर बरं, असं गेल्या महिन्यात तिच्या आईनेच फोन करून सुचवलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश गरजेप्रमाणे बदलून घेता येतात, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. दोघांच्या सहीचा अर्ज तयार आहे, पुढच्या आठवड्यात दाखल करतोय. अर्ज लिहायच्या आधी आम्ही तिचा आठवडा पुन्हा कागदावर मांडला. या वेळी तो तिनेच लिहून दिला.

तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो.

तुमचा कृतज्ञ,
एका मुलीचा बाबा
पुणे