ऑटो-५ मध्ये नळीच मागे येते, गॅसचा संबंध नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या बंदुकांवरचा लेख वाचला, ब्राउनिंग ऑटो-५ चा फोटो बघून फार आनंद झाला, मराठी पेपरात या छर्ऱ्याच्या बंदुकीवर, म्हणजे शॉटगनवर, कोणी एवढं लिहील असं वाटलं नव्हतं. पण दोन गोष्टी तशाच सोडवत नाहीत म्हणून लिहितोय. एक म्हणजे ती 'गॅसच्या दाबावर चालते' हे वाक्य, आणि दुसरं म्हणजे ती बंदूक डिझाइन करणाऱ्या जॉन ब्राउनिंगने 'जास्त पैशांच्या मोहापायी' विंचेस्टर ही बंदुकांची कंपनी सोडली हे. पहिलं सरळसरळ चूक आहे आणि दुसरं त्या माणसावर अन्याय आहे.

आधी मशीनचं बोलतो. ऑटो-५ मध्ये गॅस वापरण्यासाठी नळीला भोक नाही, पिस्टन नाही, काहीच नाही. ती चालते धक्क्यावर, आणि तोही कसा तर आख्खी नळी मागे येते! काडतूस उडालं की नळी आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, एकमेकांत अडकलेल्या अवस्थेतच मागे सरकायला लागतात आणि काडतुसाच्या लांबीपेक्षाही थोडं जास्त अंतर मागे जातात, तेवढ्यात आतला घोडा चढतो, मॅगझिनच्या, म्हणजे नळीखाली काडतुसं साठवणाऱ्या, ट्यूबभोवती असलेली मोठी स्प्रिंग दाबली जाते आणि दस्त्यातली दुसरी स्प्रिंगपण दाबली जाते. मग बोल्ट मागेच धरून ठेवला जातो आणि नळी एकटी पुढे जाते. रिकामं काडतूस बोल्टच्या आकड्यात अडकलेलं असतं, म्हणजे काडतूस नळीतून ओढून काढत नाहीत तर नळीच त्याच्यावरून निघून जाते, आणि मग ते उजव्या बाजूने बाहेर फेकलं जातं. तोवर मॅगझिनमधून नवीन काडतूस मागे आलेलं असतं, बोल्ट सुटतो, खालची पट्टी काडतूस वर उचलते, बोल्ट ते नळीत ढकलतो आणि परत लॉक होतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि यातला प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याची वाट बघतो, कोणी घाई केली की सगळं अडकणार, १८९८ साली कॉम्प्युटर नसताना एका माणसाने हे डोक्यात जुळवलं याचं मला आजही नवल वाटतं.

आणि हो, 'ऑटोमॅटिक' म्हणजे चाप दाबून धरला की काडतुसं सुटत राहतात असं अजिबात नाही. प्रत्येक वेळी चाप सोडून परत दाबावाच लागतो, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. नावातला ५ म्हणजे मॅगझिनमध्ये ४ आणि नळीत १.

पण माझ्या मते या बंदुकीचा खरा जीव त्या छोट्या रिंगमध्ये आहे आणि लेखात तिचा उल्लेखसुद्धा नाही. हलक्या काडतुसाचा धक्का कमी, भारी काडतुसाचा जास्त, मग एकच स्प्रिंग दोघांना कशी पुरणार? स्प्रिंग कडक केली तर हलक्या काडतुसाला नळी पूर्ण मागे येणार नाही, मऊ केली तर भारी काडतुसाला नळी मागे येऊन दणकन आपटणार. ब्राउनिंगने ट्यूबवर एका जागी चिरलेली ब्राँझची रिंग बसवली आणि तिच्या जोडीला एक तिरप्या कडेची स्टीलची रिंग दिली. भारी काडतुसं वापरायची असतील तर स्टीलची रिंग स्प्रिंग आणि ब्राँझच्या मध्ये, तिरपी कड ब्राँझकडे करून ठेवायची, म्हणजे नळी मागे येताना ब्राँझ आवळली जाते आणि ट्यूबला घट्ट धरून ब्रेक लावते. हलकी वापरायची असतील तर तीच स्टीलची रिंग काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, रिसीव्हरजवळ (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा डबा) ठेवायची, की ब्रेक सैल. म्हणजे सेटिंग बदलायला वेगळा पार्ट नको, आहे तोच इकडचा तिकडे. हे ज्यांना माहीत नसतं ते जुनी बंदूक हलक्या सेटिंगवर ठेवून भारी काडतुसं चालवतात, लाकडी दस्त्याला चिरा पडतात आणि मग म्हणतात डिझाइन खराब! ट्यूबवर भरपूर तेल ओतलं तरी तेच होतं कारण ब्रेकला पकडच मिळत नाही.

आता पैशांचं. तोपर्यंत ब्राउनिंग आपली डिझाइन्स विंचेस्टरला एकरकमी विकायचा, पैसे घेतले की विषय संपला, पुढे त्या बंदुका लाखांनी खपल्या तरी त्याला वर काही नाही. या शॉटगनचं पेटंट १९०० मध्ये मिळालं आणि त्याने विंचेस्टरकडे पहिल्यांदा प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरचे प्रमुख बेनेट साहेबांनी नाही म्हटलं आणि जवळपास १९ वर्षांचं नातं तिथेच तुटलं. आपण केलेल्या कामातला वाटा मागणं हा मोह कसा काय झाला? लेखकाने हे वाक्य लिहिण्याआधी जरा थांबायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

पुढे तो रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये रेमिंग्टनचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांना भेटायला तो ऑफिसात बसून होता आणि भेट व्हायच्या आधीच हार्टली हार्ट अटॅकने गेले. मग त्याने बंदूक घेऊन सरळ बेल्जियम गाठलं, लिएजजवळ हर्स्टालला एफएन कंपनीत, तिथे त्याचं पिस्तूल आधीच बनत होतं. एफएनने होकार दिला, आणि ब्राउनिंगने स्वतः १०,००० बंदुकांची ऑर्डर देऊन त्या अमेरिकेत विकायला आणल्या, मोहात पडलेला माणूस अशी जोखीम घेतो का? नंतर अमेरिकेतल्या आयात करामुळे रेमिंग्टनला लायसन्स दिलं, १९०५ पासून तीच बंदूक तिकडे बनायला लागली आणि १९११ मध्ये तिचं नाव मॉडेल ११ झालं. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ब्राउनिंगच्या नावाच्या बंदुकासुद्धा रेमिंग्टननेच बनवून दिल्या.

विंचेस्टरचं काय झालं तेही सांगायला हवं. ब्राउनिंगची पेटंट्स इतकी पक्की होती की त्यांच्या टी. सी. जॉन्सन या डिझायनरला त्यातून वाट काढून स्वतःची तसलीच शॉटगन, मॉडेल १९११, बाजारात आणायला कित्येक वर्षं लागली. बोल्ट ओढायचं हँडल ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये, म्हणून यांनी नळीच हाताने मागे ओढायची सोय केली. तेव्हाची कागदी काडतुसं ओल धरून फुगायची, अडकायची, मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबायचे आणि नळीचं तोंड स्वतःच्या चेहऱ्याकडे! त्यात माणसं मेली. तिकडे तिला विधवा करणारी बंदूक म्हणायचे. एका साध्या हँडलचं मोल किती होतं ते यावरून कळतं.

फोटोखाली 'मागचा कुबडासारखा भाग सजावटीसाठी' असं छापलंय तेही बरोबर नाही. बोल्टला मागे जायला जागा हवी म्हणून रिसीव्हर मागेपर्यंत उंच आणि चौकोनी ठेवलाय, आणि त्यामुळे नेम धरताना डोळ्यासमोर लांब सपाट रेघ मिळते, कित्येकांना ती इतकी आवडली की दुसरी बंदूक हातात धरवेना. १६ बोअरची हलकी 'स्वीट सिक्स्टीन' तर लोक आजही जीव लावून सांभाळतात. पण ज्यांच्याकडे जुनी बेल्जियमची नळी आहे त्यांनी त्यातून स्टीलचे छर्रे चालवू नयेत, ती नळी मऊ शिशाच्या छर्ऱ्यांच्या काळातली आहे.

उत्पादन सत्तरच्या दशकात जपानच्या मिरोकू कंपनीकडे गेलं आणि १९९८ च्या सुमारास थांबलं. २०१२ मध्ये ए-५ नावाने नवीन बंदूक आली, कुबड तसंच आहे पण आतली नळी मागे येत नाही, यंत्रणा पूर्ण वेगळी आहे, तेव्हा लेखात दोन्ही एकच धरल्यात तेही सुधारायला हवं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया बंदुकीचा नुसता फोटो नको, नळी पूर्ण मागे आलेली असतानाची आतली आकृती द्या, आणि त्यात त्या दोन रिंगा नीट दाखवा.

आपला,
एक नियमित वाचक