बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एवढं सोसूनही अमेरिकेतले कृष्णवर्णीय चर्चला धरून का?" मी विषय बदलला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं ते.

बाबा, तुम्ही जन्मभर टीसी, म्हणून रेल्वेपासूनच सुरू करते. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. प्रवासी त्यातल्या कुणालाही 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन म्हणून! १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची युनियन बांधली. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. १९६३ चा नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा मोर्चाही रँडॉल्फ यांच्याच पुढाकाराचा, पण लक्षात राहिले मार्टिन ल्यूथर किंग. रँडॉल्फ पाद्र्याचे चिरंजीव. तरी देवावाचून माणुसकीनं जगता येतं म्हणणाऱ्या १९७३ च्या दुसऱ्या मानवतावादी जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. आणि युनियनच्या सभा? कित्येकदा चर्चमध्येच. दुसरं कोण जागा देणार?

चर्च म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. शाळा तिथे, सभा तिथे, अडीनडीची वर्गणीही तिथेच. माझ्या ऑफिसातली मैत्रीण देव मानत नाही, पण आईला अजून बोललेली नाही. रविवारी जाते, गातेही. "देव सुटला, गाणी कशी सोडू?" म्हणते.

बरं, सोडून जायचं कुठे? नास्तिकांच्या बैठकीत बहुतेक गोरे. डार्विनवर दोन तास रंगतात, पण तुरुंग, पोलीस, घरभाडं काढलं की 'हा आपला विषय नाही'. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय नास्तिक लेखिका सिकिवू हचिन्सन याच दुखण्यावर लिहीत आल्या आहेत. इथे अटलांटात मंडिसा थॉमस यांनी २०११ मध्ये 'ब्लॅक नॉनबिलीव्हर्स' ही देव न मानणाऱ्या कृष्णवर्णीयांची संघटना काढली ती उगाच नव्हे.

राग मानू नका बाबा, पण आपल्या ओसरीवरच्या विवेकवादी बैठका आठवल्या. स्टेशनपलीकडच्या वस्तीतलं कुणी आलेलं मला आठवत नाही. आईला चहापलीकडे काही विचारलेलंही नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडायला झटणाऱ्या माणसांना. तुमच्या कपाटात आहे ती. अर्पणपत्रिका पुन्हा काढून बघा.

आई, यंदा वारीला चालणार असशील तर गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. बाबा, तिला दिंडीपर्यंत सोडायला तुम्हीच जा, आणि या वेळी टोमणा नको.

तुमची,
माई