म्हशीच्या हिशेबानं घोडी सांभाळू नको

कोल्हापूर

भावा,

घोडी घ्यायचं फायनल केलंस म्हणे, भारी! आईंना कसं पटवलंस ते भेटल्यावर सांग, पण तू विचारलेलं सगळं फोनवर उरकणार नाही म्हणून निवांत लिहितोय.

पैसे द्यायच्या आधी एक ऐक. लोक शुभ-अशुभासाठी अंगावरचे केसांचे भोवरे बघत बसतात, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) कुठंय, पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंडावर पांढरं) हाय का, आणि खूर उचलून बघायचं राहूनच जातं. तू चारी पाय उचलून बघ, कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवायला लाव, लंगडत असेल तर तिथंच कळतं. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय घरात आणूच नको. तो रोग माणसालापण होतो आणि घोड्याला झाला तर नियमानं मारावंच लागतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथं नमुने तपासतात.

आता खाणं. आपल्याकडं सगळ्यांचा हात म्हशीवर बसलेला, त्यामुळं घोडी आली की तीच पाटी तिच्यापुढं सरकवतात. म्हैस सकाळी गच्च खाऊन दिवसभर रवंथ करते, घोडं रवंथ करत नाही, त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान आणि त्याला उलटीपण होत नाही, म्हणजे चुकीचं काही पोटात गेलं की ते परत वर येणार नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसभर चघळत राहील असं टाक. 350 किलोची घोडी असेल तर कडबा नाहीतर वाळलं गवत मिळून दिवसाला 6-7 किलो धर, चंदी म्हणजे दाणा त्यावर, आणि तीपण कामाच्या हिशेबानं, बांधून ठेवलेल्या घोडीला हरभरा कशाला चारतोस? म्हशीच्या गोळीपेंडेला तर हात लावू नको. काही पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, म्हशीला ते चालतं पण घोड्याच्या हृदयावर जातं आणि जनावर मरतं मर्दा. तुझ्या बांधावरचं नेपियर गवत म्हशीला ठीक आहे, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं पण तिच्या पोटातले जंतू ते फोडतात. घोडीला रोज तेवढंच घातलं तर कॅल्शियम मिळत नाही, हाडं खराब होतात, तोंडाची हाडं फुगतात. उसाचं वाडं सीझनला फुकट मिळतं म्हणून त्याच्यावरच भागवू नको, थोडं मिसळून टाक. गूळ, काकवी, पाव्हणे लाडानं चारतात ते बंद. गोडाचा मारा झाला की खूर आतनं सुजतो आणि घोडी पाय टेकेना होते.

खुराचं जरा नीट सांगतो, कारण आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे नुसता चिखल. रोज पाय उचल आणि खूर साफ करायचा हुक टाचेकडनं पुढं चालव. मधला व्ही आकाराचा मऊ भाग आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूच्या खाचांत चिखल आणि लीद घट्ट बसते, एखादा खडापण अडकलेला असतो. काढल्यावर काळं, चिकट निघालं आणि सडका वास आला तर कुजायला लागलंय समज. तबेल्याची जमीन कोरडी कर, नाहीतर औषध लावून काय उपयोग? नाल दर 6 ते 8 आठवड्यांनी, झिजलेला दिसला नाही तरीपण, कारण खूर वाढत असतोच. धनुर्वाताची लस दरवर्षी चुकवू नको, घोड्याला तो लई लवकर होतो. पावसाळ्यात माश्या वाढल्या आणि ताप येऊन जाऊन यायला लागला तर सर्राची, म्हणजे माश्यांमुळं पसरणाऱ्या रक्तातल्या रोगाची, तपासणी करून घे.

पोटदुखीची भीती मात्र मनात ठेवच. घोडी सारखी वळून पोटाकडं बघते, पुढच्या पायानं माती उकरते, लोळते, लीद टाकत नाही, असं दिसलं की पुढचं खाणं काढ आणि डॉक्टरला फोन लाव. जबड्याखालची नाडी मोजून सांगितलीस तर डॉक्टरला बरं पडतं, एरवी मिनिटाला 28 ते 44 असते, साठच्या वर गेली तर वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टरला लगेच बोलवायचं. आणि कुणी म्हातारा माणूस बाटलीनं गोडंतेल पाजायला आला तर हात जोड, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

तुझ्या पोरीनं विचारलेलं, रंकाळ्यावरची घोडी कायम उभीच दिसतात, ती झोपतात कधी? उभ्यानं डुलकी काढतात पण गाढ झोपेला आडवंच व्हावं लागतं, तेवढी मोकळी कोरडी जागा ठेव. आणि पळवून आणल्यावर पाणी देऊ नये म्हणतात ते सोड, दे, दिवसाला 20 ते 40 लिटर तर लागतंच.

तुमच्याकडं नालबंद मिळत नाही म्हणालास, इकडच्या एकाला विचारलंय, तो यायला तयार आहे पण जायचा-यायचा खर्च तुझा. खराऱ्याचा ब्रश विकत घेऊ नको, माझ्याकडं एक जास्तीचा पडलाय तो घेऊन येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
दोस्त