व्हिडिओ प्लेअरमधील ‘चित्र सुधारणा’ सुविधेमुळे जुन्या चित्रपटांचे चित्र बिघडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या व्हिडिओ प्लेअरची सशुल्क आवृत्ती ज्या बटणासाठी घेतली, तेच दाबल्यावर डीव्हीडीवरचे जुने चित्रपट लॅपटॉपवर आधीपेक्षा वाईट दिसतात. आधीच्या तक्रारीला ‘ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा’ एवढेच उत्तर आले. त्याच लॅपटॉपवर तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये स्वच्छ दिसते, म्हणजे दोष ड्रायव्हरचा नाही. आपला प्लेअर चित्रावर ज्या क्रमाने काम करतो, तो क्रमच चुकला आहे.

सर्वांत मोठा घोळ इंटरलेसचा, म्हणजे चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपून साठवण्याच्या पद्धतीचा. पाल (भारत-युरोपातील टीव्ही पद्धत) डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल असते आणि त्या ५७६ ओळी २८८च्या दोन फील्डमध्ये, म्हणजे सम-विषम ओळींच्या दोन संचांत, विभागलेल्या असतात. फील्ड आधी नीट जुळवायची आणि मगच चित्र १०८० ओळींपर्यंत मोठे करायचे. आपला प्लेअर आधी मोठे करतो. पात्राने हात हलवला की बाहीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. १.८७५ पट ताणताना त्या शेजारच्या ओळींत मिसळून जाड होतात आणि पुढे कोणत्याही फिल्टरने धड निघत नाहीत. कॅमेरा आडवा फिरत असलेले दृश्य मध्येच थांबवा आणि दाराची चौकट किंवा खांब पाहा, लगेच कळेल.

एनटीएससी (अमेरिकेतील टीव्ही पद्धत) डिस्कवर ५ पैकी २ फ्रेममध्येच अशा रेघा दिसल्या, तर मूळ सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ३० फ्रेमवर बसवलेला असतो. तिथे सरसकट डीइंटरलेस (फील्ड जुळवून पूर्ण चित्र करणे) न करता मूळ २४ फ्रेम परत मिळवाव्या लागतात. आपल्याकडे तो पर्यायच नाही, त्यामुळे संथ दृश्ये अडखळत चालतात.

दुसरा दोष शार्पनेसचा. तो आधी वाढवून नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) नंतर काढला जातो. त्यामुळे एमपीईजी-२चे (डीव्हीडीवरचे चित्र दाबून साठवण्याची पद्धत) ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे उठून दिसतात, कडांना पांढरी झालर येते, आणि नंतरच्या सफाईत चेहरा मेणाचा होतो: डोळ्यांखालच्या सुरकुत्या पुसल्या जातात, भुवईचे केस एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. फिल्मचा ग्रेन (बारीक कण) म्हणजे घाण नव्हे. फिल्मवरचे चित्र त्या कणांचेच बनलेले असते, कण खरवडले की बारकावेही जातात. आधी ठोकळे काढणे, मग नॉइज हलका काढणे, मग आकार वाढवणे, आणि शार्पनेस शेवटी व अगदी थोडा, हा क्रम हवा.

रंगही चुकतात. डीव्हीडीचे रंग बीटी.६०१ या मानकाचे असतात आणि एचडीचे बीटी.७०९चे. आपला प्लेअर मोठे केलेले चित्र एचडी समजून ७०९ लावतो, असे दिसते, कारण लाल नारिंगीकडे सरकतो आणि हिरवा काळवंडतो. कृष्णधवल चित्रपटात रंगाची माहितीच नसल्याने हा दोष दिसत नाही. चाचणी कृपया रंगीत चित्रपटावर घ्यावी.

शिवाय ४:३ चित्र पडदा भरण्यासाठी ताणले जाते आणि माणसे बुटकी, रुंद दिसतात. १९२० बाय १०८० पडद्यावर ते १४४० पिक्सेल रुंद दिसावे, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे राहिले तरी चालेल.

माझ्या मागण्या अशा: वरील क्रम दुरुस्त करावा, डीइंटरलेस, नॉइज आणि शार्पनेसला वेगवेगळी बटणे द्यावीत, आणि रंगाचे मानक मूळ फाइलवरून ठरवावे. दोष दाखवणारी १० सेकंदांची क्लिप आणि सुधारणा चालू व बंद असतानाचे एकाच फ्रेमचे दोन स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. दुरुस्ती कधी होईल ते १५ दिवसांत लेखी कळवावे. ती करायची नसेल, तर पूर्ण रक्कम परत करावी.

कळावे,
आपल्या सशुल्क आवृत्तीचा ग्राहक